'दुखतंय' म्हणायची सोय: 'ॲथलीट ए' पाहताना

१९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधलं हे दृश्य तुम्हीही कधीतरी रीलमध्ये पाहिलं असेल. अमेरिकेची केरी स्ट्रग, वय १८. व्हॉल्टच्या पहिल्या उडीत घोटा दुखावलाय. तरी ती दुसरी उडी मारते, दोन्ही पायांवर उतरते, दुखरा पाय लगेच वर उचलते आणि गुडघ्यांवर कोसळते. संघाला सुवर्णपदक मिळतं. कोच बेला कारोली तिला उचलून पदक घ्यायला नेतात. अशा गोष्टींसाठी आपल्याकडे एकच शब्द तयार असतो: जिद्द.

बॉनी कोहेन आणि जॉन शेंक दिग्दर्शित 'ॲथलीट ए' (२०२०, नेटफ्लिक्स) हा माहितीपट हेच दृश्य दाखवतो, पण आपल्याला टाळ्या वाजवू देत नाही. नंतर गुणांचा हिशेब झाला तेव्हा दिसलं, की ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण अमेरिकेचंच होतं.

माहितीपटाचा विषय आहे लॅरी नासर, अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली त्याने शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं. मॅगी निकोल्सची तक्रार २०१५मध्ये संघटनेकडे गेली. ती एफबीआयपर्यंत पोहोचायला पाच आठवडे लागले. कागदोपत्री तिचं नाव झालं 'ॲथलीट ए'. पुढच्या वर्षी रिओच्या संघात ती नव्हती. 'इंडियानापोलिस स्टार'च्या पत्रकारांनी प्रकरण बाहेर काढलं आणि जानेवारी २०१८मध्ये नासरला १७५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

माहितीपटाचं खरं बळ मात्र गुन्ह्याच्या तपशिलात नाही. टेक्सासमधल्या कारोलींच्या सराव केंद्रात आईवडिलांना प्रवेश नव्हता. तिथे वजनावरून टोमणे होते, दुखापतीवर अविश्वास होता. ह्या सगळ्यात गोड बोलणारा माणूस एकच, तो डॉक्टर. तुझं दुखणं म्हणजे नाटक आहे, असं जिला वर्षानुवर्षं ऐकवलंय, तिने आपल्याबरोबर काहीतरी वाईट घडतंय ह्यावर तरी कसा विश्वास ठेवावा? शोषणाची जमीन सरावातच तयार झाली होती. हे इतकं स्पष्ट दाखवणारी फिल्म मी दुसरी पाहिलेली नाही.

पण उत्तरार्धात ती थोडी सोपी होते. कोर्टात मुली एकेक करून बोलतात, नासर खाली मान घालून बसतो, आणि आपल्याला हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच मला खटकलं. नासर तुरुंगात गेला म्हणून वाढत्या वयातल्या मनगटावर रोज पडणारा शरीराचा भार कमी होत नाही. पाठीच्या मणक्यांना पडणाऱ्या बारीक भेगा, कमी खाण्यामुळे लांबणारी पाळी, हे सगळं तसंच राहतं. सोव्हिएत संघाच्या येलेना मुखिनाचा पाय पुरता बरा झालेला नसताना तिच्याकडून सराव सुरू ठेवला गेला. १९८०मध्ये मॉस्को ऑलिंपिकला काही दिवस उरले असताना ती हनुवटीवर पडली आणि २००६मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणावर राहिली. तिच्या गोष्टीत कुणी नासर लागला नाही. घाई पुरेशी होती.

आता आपला 'दंगल' (२०१६) आठवा. खेळ वेगळा, पण प्रश्न तोच. मुली तक्रार करतात ती एका विनोदी गाण्यात, आणि थिएटर हसतं. मग चौदा वर्षांची नवरी त्यांना समजावते, की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. दुसऱ्या दिवसापासून मुली स्वतःहून उठतात. नवरीचं दुःख खरं आहे. पण पटकथा ते वापरून मुलींची तक्रार कायमची मिटवते. बालविवाह किंवा बापाची शिस्त, एवढेच दोन पर्याय ती ठेवते.

कोणी म्हणेल, कष्टांशिवाय खेळ होतो का? नाही होत. दीपा कर्माकरने रिओत प्रोदुनोव्हासारखी जीवघेणी उडी मारली, चौथी आली, कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं. तेव्हा ती २३ वर्षांची होती, धोका ओळखून होती. नऊ वर्षांच्या मुलीच्या 'हो'ला तेच वजन कसं देणार?

आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात साईचं केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथे असं काही चालतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण संध्याकाळी मुलांना सरावाला सोडणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही फिल्म पाहावी. लैंगिक शोषण माहीत असूनही कळवलं नाही, तर आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो गुन्हा आहे. ते पाच आठवडे इथे खपले नसते. 'रडू नकोस, कर' ह्या वाक्याला मात्र कुठलंच कलम लागत नाही. तिथे आपल्यालाच लक्ष ठेवावं लागेल. घरी आल्यावर 'आज काय नवीन शिकलीस?' ह्याच्या जोडीला आणखी एक विचारता येईल: 'आज कुठे दुखलं? आणि सरांना सांगितलंस तेव्हा ते काय म्हणाले?'