स्त्रीपर्व आणि वैराचा शेवट

महाभारताचे वाचक दुर्योधनाच्या मांडीवर भीमाची गदा पडली कीं बहुधा ग्रंथ मिटतात. सौप्तिकपर्वांतील रात्रीचा संहार त्यांतले थोडे वाचतात, स्त्रीपर्व त्याहूनहि थोडे, आणि आश्रमवासिकपर्वापर्यंत जाऊन पोंचणारे तर विरळाच. स्त्रीपर्व म्हणजे विलापांची एक लांबलचक माळ, युद्ध आणि शांतिपर्वांतील उपदेश यांच्यामधली केवळ एक वाट, अशी समजूत आमच्या टीकाकारांतहि रूढ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तींत हें पर्व अवघ्या २७ अध्यायांचें आहे. परंतु या लहानशा पर्वांत व्यासानें जो प्रश्न हातीं घेतला आहे, तो अठरा दिवसांच्या युद्धाहून कठीण आहे, असें आम्हांस वाटतें. युद्ध संपलें तरी वैर संपतें काय, आणि संपत असेल तर तें कोणत्या वाटेनें, हा तो प्रश्न होय.

शोकानें मन निवळतें, निवळलेल्या मनांत क्षमा उपजते आणि क्षमेनें शत्रु मित्र होतो, असा एक सोपा जिना आपण मनांत बांधून ठेवलेला असतो. व्यासाला हा जिना मान्य नाहीं. स्त्रीपर्वाच्या अगोदर त्यानें सौप्तिकपर्व ठेविलें आहे तें उगाच नव्हे. अश्वत्थाम्याचा शोक खोटा नाहीं. त्याच्या पित्यास असत्य सांगून शस्त्र खालीं ठेवावयास लाविलें आणि मग मारिलें. या दुःखास कोण नांव ठेवील? पण त्याच दुःखाच्या भरांत तो वडाखालीं बसून घुबडानें निजलेले कावळे मारतांना पाहतो, त्यापासून धडा घेतो, आणि निजलेल्या शिबिरांत शिरून द्रौपदीचे पांचहि पुत्र कापून काढतो. पुढें उत्तरेच्या उदरांतील गर्भावरहि तो अस्त्र सोडतो. म्हणजे ज्या शोकापासून क्षमा निघेल अशी आपली आशा, त्याच शोकापासून महाभारतांतील सर्वांत निर्घृण कृत्य निघालें आहे. एकट्या शोकाला वाट नसते. पाण्यासारखा तो उतार दिसेल तिकडे धांवतो. तेव्हां क्षमेचा विचार करावयाचा तर त्या शोकाला उतार कोणीं आणि कसा दिला, हें पाहिलें पाहिजे.

या दृष्टीनें स्त्रीपर्वांतील पहिला मोठा प्रसंग धृतराष्ट्राचा. शंभर पुत्रांचा पिता पांडवांना भेटावयास येतो. युधिष्ठिराला तो मनाविरुद्ध आलिंगन देतो आणि मग भीम कोठें आहे म्हणून विचारतो. कृष्ण भीमाला मागें सारतो आणि लोखंडाची मूर्ति पुढें करतो. ही मूर्ति दुर्योधनानेंच करवून घेतलेली होती. म्हातारा ती छातीशीं धरून चुरडून टाकतो, स्वतःच्या तोंडांतून रक्त ओकतो, आणि राग ओसरल्यावर, आपण भीमाला मारिलें या समजुतीनें, ओक्साबोक्शीं रडूं लागतो. पोरांना ही गोष्ट गंमतीची वाटते. कृष्णाची ही एक आणखी युक्ति म्हणून पौराणिकहि ती हंशांत नेतात. आम्हांस तिच्यांत मानवी मनाचें सूक्ष्म ज्ञान दिसतें. धृतराष्ट्राला भीमाविषयीं जें रडें आलें तें खोटें नव्हतें; पण मारल्याखेरीज तें येत नव्हतें. कृष्ण त्याला उपदेश करतो तो मागाहून. अगोदर तो त्याच्या हातांना चुरडण्याजोगें कांहीं तरी देतो. अहिंसा म्हणजे राग नसणें, असें व्यास येथें म्हणत नाहीं. रागाच्या हातीं माणूस सांपडूं नये अशी वेळेवर केलेली तजवीज, हीच येथें अहिंसा आहे.

ग्रीकांच्या इलियडांतील अखेरच्या, म्हणजे चोविसाव्या, सर्गाशीं हा प्रसंग ताडून पाहण्याजोगा आहे. हेक्टराचें प्रेत सोडवून आणण्यासाठीं म्हातारा राजा प्रायम निःशस्त्र होऊन रात्रीं शत्रूच्या छावणींत जातो, अकिलीझाच्या पायांशीं बसतो, आणि ज्या हातांनीं आपले पुत्र मारिले त्यांचेंच चुंबन घेतो. तुझाहि बाप घरीं म्हातारा होऊन बसला आहे, एवढीच त्याची विनवणी. मग दोघेहि रडतात. एक पुत्रासाठीं, दुसरा पित्यासाठीं व मेलेल्या मित्रासाठीं. रडणें एकत्र, पण रडण्याचा विषय ज्याचा त्याचा निराळा. होमराची थोरवी याच्या पुढच्या बारकाव्यांत आहे. प्रेत प्रायमाच्या दृष्टीआड धुवावें अशी अकिलीझ आज्ञा करतो. कारण तें पाहून म्हातारा भडकला तर आपलाहि राग उसळेल आणि आपण त्याला ठार करूं, ही भीति त्याला आहे. आसूं पुसलेले नाहींत तोंच ही सावधगिरी! लोखंडाची मूर्ति आणि दृष्टीआड धुतलेलें प्रेत या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या देशांतील कवींनीं एकाच अनुभवांतून काढल्या आहेत. मात्र होमराचा समेट मुदतीचा आहे. अकरा दिवस उत्तरक्रियेचे, आणि बाराव्या दिवशीं पुनः युद्ध. तेथें त्याचें काव्य थांबतें. व्यास मात्र तेराव्या दिवसानंतर काय होतें तेंहि विचारतो.

आतां गांधारी. युधिष्ठिराला शाप द्यावा या निश्चयानें ती आलेली असते, आणि व्यास स्वतः आडवा येऊन तिला आवरतो. भीमाला ती जें विचारते त्याला उत्तर नाहीं. शंभरांतला एक, ज्याचा अपराध सर्वांत थोडा असेल असा एक तरी, आम्हां दोघां आंधळ्यांची काठी म्हणून कां ठेविला नाहींस? भीम प्रतिज्ञेचीं कारणें सांगतो, दुःशासनाचें रक्त ओठांपलीकडे गेलें नाहीं असें सांगतो. आणि हीं कारणें प्रश्नापुढें किती लहान दिसतात! नंतर युधिष्ठिर कांपत पुढें होतो. तो कारण सांगत नाहीं. तुझ्या पुत्रांना मारणारा मीच, मी शापाला योग्य आहें, एवढेंच म्हणतो. पट्टीखालून तिची दृष्टि त्याच्या पायांच्या नखांवर पडते आणि नखें विद्रूप होतात. तें पाहून अर्जुन कृष्णाच्या पाठीमागें दडतो. त्यानंतर तिचा राग जातो आणि ती पांडवांना आईसारखी धीर देते. समर्थन आणि कबुली यांतला हा भेद आमच्या टीकाकारांनीं पुरेसा लक्षांत घेतलेला नाहीं. भीमाचें म्हणणें कदाचित् न्यायाचें असेल. पण गांधारीचा राग शांत झाला तो युधिष्ठिराच्या बोलण्यानें, आणि तोहि थोडी इजा करूनच.

लगेच पुढें द्रौपदी येते. जिचे पांच पुत्र गेले ती, जिचे शंभर गेले तिच्यापुढें उभी राहते. तूं जशी तशीच मी, मग कोणीं कोणाचें सांत्वन करावयाचें, अशा अर्थाचे गांधारीचे उद्गार आहेत. शंभर आणि पांच यांचा हिशेब ती मांडीत नाहीं. दुःखाची तुलना थांबली कीं दुःखाची ओळख पटते, हें या पर्वाचें मर्म आम्ही समजतों. दिव्य दृष्टीनें रणभूमि पाहतांना ती केवळ आपल्या सुनांविषयीं बोलत नाहीं. अभिमन्यूच्या अंगावरून हात फिरविणाऱ्या उत्तरेचा विलापहि तीच कृष्णाला ऐकविते. शत्रूच्या घरची विधवा तिला आपल्या सुनांतच दिसते.

असें असून अखेरीस ती कृष्णाला शाप देते: छत्तीस वर्षांनीं तुझेंहि कुळ असेंच आपसांत लढून नष्ट होईल. एवढ्या उंचीवर गेलेलें पात्र येथें खालीं आलें, हा कवीचा दोष, असें कोणी म्हणतील. आम्ही तसें म्हणत नाहीं. पांडवांना ती क्षमा करूं शकली, कारण ते तिच्यापुढें अपराधी म्हणून उभे राहिले, आणि त्यांचीहि मुलें मेलीं होतीं. कृष्णाला युद्ध थांबवितां आलें असतें आणि त्यानें उपेक्षा केली, हा तिचा आरोप आहे. दुःखांत जो वांटेकरी नाहीं, त्याला क्षमा करणें सर्वांत अवघड जातें. कृष्ण हंसतो आणि शाप स्वीकारतो. त्या हंसण्यांत तुच्छता आम्हांस दिसत नाहीं. वांटेकरी होण्याची तयारी दिसते.

द्रौपदीच्या क्षमेविषयीं दोन ग्रंथ दोन गोष्टी सांगतात, आणि हा पाठभेद विचार करण्याजोगा आहे. सौप्तिकपर्वांत ती अश्वत्थाम्याच्या वधासाठीं प्रायोपवेशनास बसते, आणि त्याच्या मस्तकावरचा मणि हातीं आल्यावरच, तो गुरुपुत्र आहे म्हणून, समाधान मानते. भागवताच्या पहिल्या स्कंधांत मात्र अर्जुनानें बांधून आणलेला अश्वत्थामा पाहतांच ती त्याला सोडा म्हणते. मी रडतें आहें तशी त्याची आई रडूं नये, हें तिचें कारण. भागवतांतली द्रौपदी अधिक उदात्त आणि महाभारतांतली अधिक खरी, असा निवाडा करण्याचा मोह पडतो. परंतु भागवतकारानें येथें गांधारीच्या उद्गाराचाच पुढचा भाग लिहिला आहे, असें आमचें मत आहे. तूं जशी तशीच मी, हें दुःख घडून गेल्यावरचें वाक्य. तिनें माझ्यासारखें होऊं नये, हें दुःख घडण्यापूर्वींचें. पहिल्यांत ओळख आहे, दुसऱ्यांत त्या ओळखीनें उगारलेला हात धरला आहे.

ही पुराणांतली वांगीं पुराणांत, असें कोणी म्हणूं नये. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रांतला, म्हणून त्याच्या जातीच्या निरपराध लोकांचीं घरें या महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं जाळण्यांत आलीं. ज्यांचा बाप गेला होता त्या मणिलाल आणि रामदास यांनीं मात्र मारेकऱ्याला फांशी देऊं नये अशी विनंती केली. ती मान्य झाली नाहीं, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्याच्या तुरुंगांत शिक्षा अमलांत आली. घरें जाळणारेहि शोकच सांगत होते आणि क्षमा मागणारे पुत्रहि शोकांतच होते. अश्वत्थामा आणि भागवतांतली द्रौपदी यांचा भेद आमच्याच गांवांतून, आमच्याच काळाच्या इतक्या जवळ, असा उघडा पडलेला आहे. न्यायाधीशाचें काम निराळें आणि आप्ताचें निराळें, हें आम्ही जाणतों. क्षमा मागितली म्हणजे न्यायानें ती दिलीच पाहिजे, असें आमचें म्हणणें नाहीं. पण सूड घेण्याचा पहिला हक्क ज्याचा समजला जातो, त्यानेंच तो सोडिला असतां इतरांनीं तो त्याच्या नांवावर वापरावा, हें कोणत्या धर्मांत बसतें?

स्त्रीपर्वाचा शेवट तिलांजलीनें होतो, आणि तेथें कुंती सांगते कीं कर्णालाहि पाणी द्या, तो तुमचा वडील भाऊ. ज्याला मारण्यासाठीं एवढा अट्टाहास केला तो शत्रु घरचाच निघाला. हें कळण्यास मरणाची वाट पाहावी लागली, याहून मोठी टीका युद्धावर कोणी केली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

यानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षें युधिष्ठिराच्या घरीं मानानें राहतो. पण भीमाच्या मनांतला कांटा निघालेला नाहीं. म्हाताऱ्याला ऐकूं जाईल अशा बेतानें तो दंड थोपटतो आणि याच भुजांनीं आंधळ्याचे पुत्र मारिले म्हणून बढाई मारतो. धृतराष्ट्र वनांत जाण्यापूर्वीं पुत्रांच्या श्राद्धासाठीं द्रव्य मागतो, त्यालाहि भीम आडवा येतो. अर्जुन त्याला समजावितो आणि युधिष्ठिर आपल्या व अर्जुनाच्या भांडारांतून तें देवावितो. स्त्रीपर्वांतील समेटाचें हें उत्तरकांड व्यासानें लपविलें नाहीं, यांत त्याचा प्रामाणिकपणा आहे. एका घरांतले पांच भाऊ, पण क्षमेच्या वाटेवर पांचहि एका पावलानें चालत नाहींत.

या पर्वांतलें एक चित्र आम्हांस साऱ्या शांतिपर्वाच्या तोडीचें वाटतें. आंधळा राजा वनांत निघतो तेव्हां सर्वांच्या पुढें कुंती चालते. तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. सर्वांना वाटतें कीं कुंती वेशीपर्यंत पोंचवून परत फिरेल. ती फिरत नाहीं. मग आम्हांला युद्धाला प्रवृत्त कां केलेंस, असें भीम विचारतो. तुमचें तेज जाऊं नये म्हणून. पण पुत्रांनीं जिंकलेलें राज्य भोगण्याची मला इच्छा नाहीं, असें ती सांगते. जिंकलेल्यांची आई हरलेल्यांच्या आईची काठी होते. शंभरांतला एक तरी काठी म्हणून कां ठेविला नाहींस, या प्रश्नाला भीमाजवळ उत्तर नव्हतें. पंधरा वर्षांनीं धाकट्या जावेनें थोरल्या जावेला तें आपल्या खांद्यानें दिलें. येथें क्षमा कोणीं कोणाला केली, हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

पुढें व्यास एका रात्रीपुरते मेलेले वीर गंगेंतून वर आणतो आणि ते सारे वैर विसरून एकमेकांस भेटतात. तें दृश्य भव्य आहे. पण मेलेल्यांना वैर विसरणें सोपें असतें. जिवंतपणीं तें विसरण्यास काय लागतें, हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें गंगेच्या कांठाकडे न जातां हस्तिनापुराच्या वेशीवर थांबावें आणि त्या तीन म्हाताऱ्या माणसांची रांग दृष्टीआड होईपर्यंत पाहावी.