गॅरामाँड: एक नाव, अनेक वळणे

इंग्रजी मजकुराला जरा भारदस्त रूप द्यायचे म्हटले की फॉन्टच्या यादीत अनेकांची नजर गॅरामाँडवर थांबते. पण विंडोजवर काम करणाऱ्यांना या नावाने मिळणारे वळण क्लोद गारामाँ या कारागिराचे नाहीच. ते मोनोटाइप कंपनीने १९२२ मध्ये काढले आणि त्याचा मूळ नमुना ज्याँ जानों या वेगळ्याच माणसाचा आहे.

गारामाँ पॅरिसमध्ये टाइप ओतण्याच्या साच्यांसाठी पोलादी पंच, म्हणजे अक्षरांचे ठसे, कोरत असे. व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिओने १४९५ मध्ये ‘दे एत्ना’ हे पुस्तक ज्या टाइपात छापले, त्यावरून फ्रान्समध्ये रोमन अक्षरांची नवी घडण सुरू झाली आणि गारामाँच्या हाती ती पूर्णत्वाला पोचली. १५६१ मध्ये तो वारला आणि त्याचे साहित्य विखुरले. काही पंच अँटवर्पला गेले. ते आज प्लांटिन-मोरेटस संग्रहालयात पाहता येतात. फ्रँकफुर्टच्या एका ओतशाळेने १५९२ मध्ये नमुनापत्रक छापले, त्यात कोणता टाइप गारामाँचा आणि कोणता त्याचा समकालीन पंचकार रोबेर ग्राँजों याचा हे नावानिशी दिले आहे. एवढा पुरावा असूनही फ्रान्सच्या सरकारी मुद्रणालयाने जानोंचे टाइप गारामाँचे म्हणून मिरवले. जानोंने आपला नमुना १६२१ मध्ये काढला होता, म्हणजे गारामाँच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. ही गफलत टाइपच्या अभ्यासक बिआट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये ‘पॉल बोज्याँ’ या टोपणनावाने लिहून उघड केली. तोवर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जानोंचे वळण गॅरामाँड म्हणून विकले जात होते, आणि नाव पुढेही तसेच राहिले.

दोन्ही वळणे शेजारी ठेवून पाहावीत. जानोंच्या लहान ‘एम’, ‘एन’ आणि ‘आर’ यांच्या डाव्या खांद्यावरचा सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाचा छोटा फाटा, उभट, आत खोलगट आणि टोकदार आहे. त्याच्या तिरप्या अक्षरांत मोठी अक्षरे एकसारख्या कलात झुकत नाहीत. पानभर वाचताना त्यामुळे एक चंचल लय जाणवते. गारामाँचे अक्षर शांत आहे. त्यात एकेक अक्षर लक्ष वेधून घेत नाही, ओळ सलग पुढे सरकते. मजकुराच्या टाइपात याहून मोठा गुण मला माहीत नाही.

मूळ चेहरा ओळखला म्हणून पुनरुज्जीवन साधते असे मात्र नाही. खरी अडचण मापाची आहे. धातूच्या काळात प्रत्येक मापासाठी पंच वेगळे कोरावे लागत. बारीक मापात रेघा जाड, अक्षरे रुंद आणि मधली जागा मोकळी ठेवली जाई. आपल्याकडच्या देवनागरी खिळ्यांनाही मापागणिक वेगळे कोरकाम लागे. संगणकाने एकच आकृती हवी तितकी ताणता येते अशी सोय केली आणि हे शहाणपण हातचे गेले. रॉबर्ट स्लिमबाखचा अ‍ॅडोबी गॅरामाँड (१९८९) अत्यंत देखणा आहे, यात शंका नाही. पण तो गारामाँच्या साधारण अठरा पॉइंटच्या टाइपावरून रेखलेला. दहा-अकरा पॉइंटात गुळगुळीत कागदावर ऑफसेटने छापला की त्याच्या बारीक रेघा फिक्या पडतात. जुन्या छपाईत दाबाने पसरणारी शाई त्या रेघांना भरीव करी. ऑफसेटमध्ये तो आधार नाही. स्लिमबाखने स्वतःच २००५ मध्ये गॅरामाँड प्रीमियर काढून तळटीप, मजकूर आणि शीर्षक यांसाठी वेगळी रेखाटने दिली. माझ्या मते आजचे सर्वांत जाणते काम हेच.

गारामाँच्याच अक्षरांवर बेतलेला यान त्शिखोल्डचा साबोन (१९६७) वेगळ्या कारणाने मोठा ठरतो. हातजुळणी, मोनोटाइप यंत्र आणि लायनोटाइप यंत्र या तिन्ही पद्धतींत अक्षर सारखेच उमटावे, अशी जर्मन मुद्रकांची अट होती. लायनोटाइपवर सरळ आणि तिरप्या अक्षरांची रुंदी एकच ठेवावी लागे आणि ‘एफ’चा आकडा शेजारच्या अक्षरावर झुकवता येत नसे. एवढ्या बंधनांत त्याने पुस्तकभर सहज वाचता येणारा टाइप घडवला. याउलट आयटीसी गॅरामाँडने लहान अक्षरांची उंची इतकी फुगवली की नावापलीकडे फारसे काही उरले नाही. अ‍ॅपलने तो रुंदीत दाबून वर्षानुवर्षे जाहिरातींत वापरला. तिथे तो शोभला. पुस्तकात घेऊ नये.

गॅरामाँड वापरल्याने शाई वाचते, असा दावा २०१४ मध्ये अमेरिकेत गाजला. त्याच पॉइंटात हे अक्षर दिसायलाच लहान असते, म्हणून शाई कमी लागते. वाचता येईल इतके मोठे केले की ती बचत बरीचशी संपते.

गेओर्ग डुफनरने १५९२ च्या पत्रकावरून साकारलेला ईबी गॅरामाँड मोफत आहे आणि अभ्यासपूर्ण आहे. त्याने बारीक मापाचे वेगळे रेखाटनही केले होते, पण सर्वत्र पोचलेल्या आवृत्तीत ते नाही. त्याऐवजी ठळक वजने वाढली. गारामाँच्या काळात मजकुरासोबत ठळक जोडटाइप नव्हताच. मागणी ठळकाची असते हे खरे, पण गरज बारीक मापाची होती.

मराठी पुस्तकांत इंग्रजी उतारे आणि संदर्भसूची येतात, तीही बहुधा बारीक मापात. तिथे यादीतला पहिला गॅरामाँड डोळे झाकून घेऊ नये. एक पान प्रत्यक्ष कागदावर छापून पाहावे, आणि श्रेयनामावलीत अक्षरजुळणीकाराच्या नावाखाली टाइपाचे पूर्ण नाव व माप द्यावे, अशी प्रकाशकांना विनंती आहे.