रात्र : दंडसंहितेतील आणि व्यवहारातील

‘संहिता’ हा शब्द समीक्षा आणि कायदा ही दोन्ही क्षेत्रे वापरतात. मात्र अर्थनिर्णयाची त्यांची रीत भिन्न आहे. ‘रात्र’ या एका शब्दापुरती ही भिन्नता तपासली, तरी तिचे परिणाम साहित्यविचारापर्यंत पोहोचतात असे दिसते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला ‘रात्रीची घरफोडी’ म्हटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडीच्या संदर्भात ही संज्ञाही राहिली नाही. सूर्यास्त आणि सूर्योदय या दोन सीमा तेवढ्या उरल्या. कायद्याची रात्र अशी एकसंध आहे. तिला आरंभ आणि शेवट आहे, पण अंतर्गत विभाग नाहीत.

व्यवहारातील रात्र विभागांनीच ओळखली जाते. दिवेलागण, जेवणवेळ, निजानीज, पहाट, झुंजूमुंजू यांपैकी एकही शब्द घड्याळाचा नाही. काही उजेडाचे आहेत, काही कामाचे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरात लावला, ते आजचे वाशीम. त्याच ग्रंथातील कविचर्येत रात्रीचा दुसरा व तिसरा प्रहर झोपेसाठी आहे. चौथ्या प्रहरी कवीने जागे व्हावयाचे आहे. वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही वाटणी परवडणारी नाही. रोही आणि रानडुकरांपासून हरभरा राखावयाचा तर जागल करावी लागते, आणि शेतीची वीज रात्रपाळीत आली की ओलितही रात्रीच होते. निजानीज झाल्यावर घराबाहेर असणे हे त्याचे काम असते. पिकाची नासाडी रात्री दोनला झाली तरी तो ती ‘काल रात्री’ झाली असे सांगतो. सरकारी नोंदीतील तारीख मात्र मध्यरात्रीच बदललेली असते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२२ या संदर्भात लक्षणीय ठरते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत रस्त्यावर वा अन्यत्र रेंगाळताना आढळलेल्या आणि चोर असा लौकिक असलेल्या इसमाला स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर हे कलम त्याला शिक्षापात्र ठरवते. येथे दोन कथने समोरासमोर येतात. लौकिक हे इतरांनी आधीच रचलेले कथन आहे. खुलासा हे त्या इसमाने त्या क्षणी रचावयाचे कथन आहे. समाधान कोणाचे, हे मात्र ऐकणाराच ठरवतो. शेतकऱ्याला सहसा लांबलचक खुलासा करावा लागत नाही. ‘जागल’ हा शब्दच त्याचा खुलासा असतो. ज्याच्या रात्रीच्या वावराला समाजाने असा शब्द दिलेला नाही, त्याची अडचण येथून सुरू होते.

ती अडचण वाशीमलगतच्या मराठवाड्यातून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात प्रत्ययाला येते. १८७१ ते १९५२ या काळातील गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच संशयित ठरवलेल्या समूहाचे हे कथन आहे. पोलिसांच्या झडत्या आणि मारहाण सोसणारे घर तेथे आतून दिसते. कायदा घरफोडीसाठी घराबाहेरच्या माणसाकडे पाहतो. येथे घरच असुरक्षित आहे.

विमुक्तांच्या आत्मकथनांकडे समीक्षेने बहुधा सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहिले, आणि त्यांतील अनुभवाची अस्सलता हा मूल्यमापनाचा निकष मानला. या निकषाची पुनर्तपासणी आवश्यक आहे. ‘हे खरेच असे घडले काय?’ हा प्रश्न समीक्षक कादंबरीकाराला विचारत नाही; उचल्याला मात्र विचारतो. असे करताना तो कलम १२२ मधील ऐकणाऱ्याची जागा घेतो आणि आत्मकथनाला पुन्हा खुलाशाच्या पातळीवर आणतो. वस्तुतः ही आत्मकथने खुलाशाची मागणीच नाकारतात. त्यांचा श्रोता बदललेला आहे, आणि रात्रीचे विभाग सांगणारा स्वतःचा शब्दसंग्रह ती घडवीत आहेत. त्या शब्दसंग्रहाचा अभ्यास हे समीक्षेचे पहिले काम असावयास हवे. समाधान होण्याची वाट पाहणे हे नव्हे.