पाण्याखालचे रान आणि मराठी लेखक

मराठी वाङ्मयात समुद्र पुष्कळ आहे. पण त्या समुद्राच्या आत काय आहे हे विचारू गेल्यास आपले वाङ्मय गप्प बसते. ही तक्रार ढोकीसारख्या गावातल्या माणसाने करावी, याचे वाचकांना थोडे हसू येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाही तर तेरणा नदी. आणि उन्हाळा लागला की दोहोंचाही भरवसा नाही. पण आम्ही समुद्राला अगदीच परके नाही. ढोकीपासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचे नाव आहे. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरी नेत, अशी त्यात नोंद आहे. गोरोबाकाकांच्या गावचा माल जर गलबतात चढत होता, तर समुद्रावर चार शब्द बोलण्याचा हक्क आम्हालाही पोचतो.

निमित्त एका चित्रपटाचे आहे. पिपा एर्लिक आणि जेम्स रीड यांनी दिग्दर्शित केलेला 'माय ऑक्टोपस टीचर' हा माहितीपट २०२० साली प्रकाशित झाला आणि २०२१ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. मी तो दोनदा पाहिला; एकदा एकट्याने आणि एकदा सातवीच्या मुलांबरोबर. कथा म्हटली तर दोन ओळींची आहे. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपटाऊनजवळ, क्रेग फॉस्टर नावाचा एक चित्रपटकार राहतो. कामाने थकलेला, मनाने खचलेला. तो घराजवळच्या खडकाळ, उथळ समुद्रात रोज बुडी मारू लागतो. तिथे त्याला एक अष्टपाद मादी दिसते, आणि ती मरेपर्यंत, जवळजवळ वर्षभर, तो तिच्या बिळाशी जात राहतो.

ज्या पाण्यात तो उतरतो ते एक रान आहे. केल्प नावाचे तपकिरी समुद्रशैवाल तिथल्या खडकांवर वाढते. शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीच्या पायरीवरची निसरडी हिरवळ येते. हे शेवाळ विहिरीच्याच मापाने सांगायचे तर सहासात पुरुष उंच होऊ शकते. त्याला मुळे नसतात. बुडाशी बोटांसारखी एक पकड असते, तिने ते खडक घट्ट धरून ठेवते. अन्न सगळे पाण्यातूनच घेते. देठाच्या वरच्या अंगाला हवेने भरलेला फुगा असतो, त्याच्या जोरावर ते पाण्यात उभे राहते. तिथल्या जातीला 'समुद्री बांबू' असेच नाव आहे. या रानाला थंड पाणी लागते आणि उजेड लागतो. म्हणून ते उथळ किनाऱ्यालाच वाढते, आणि म्हणूनच एका श्वासावर खाली जाणाऱ्या माणसालाही ते दिसू शकते. फॉस्टर पाठीवर हवेची टाकी बांधत नाही, अंगात रबरी पोशाखही घालत नाही. आठ-नऊ अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने जातो. यात थोडा हट्ट आहे, थोडा देखावाही असेल. पण टाकी बांधली की श्वासागणिक बुडबुड्यांचा खळखळाट होतो, तो इथे नाही. पाहणारा माणूस पाहिल्या जाणाऱ्या जिवापेक्षा कमी आवाज करतो, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या पोराची परीक्षा अशी असते, की त्याने तळाला जावे आणि मूठभर गाळ वर आणून दाखवावा. गाळ नसेल तर बुडी खोटी. हीच कसोटी मी या चित्रपटाला लावून पाहिली, आणि पहिल्या तासाभरात तो तिला उतरतो. शंखशिंपल्यांचा एक विचित्र गोळा तळाशी पडलेला दिसतो, आणि तो उघडतो तेव्हा आत ती असते. शत्रूपासून लपण्यासाठी तिने आठही हातांनी शिंपले अंगाभोवती धरलेले असतात. पुढे एके दिवशी ती बिळातून एक हात लांब करून माणसाच्या हाताला लावून पाहते. नंतर पट्ट्यापट्ट्यांची एक मोरी तिचा एक हात तोडून नेते. ती पांढरी फटक पडते, बिळात शिरते, आणि मग त्या तुटक्या जागी पुन्हा एक इवलासा हात फुटतो. पुन्हा मोरी येते तेव्हा ही चक्क तिच्या पाठीवरच जाऊन बसते! माझ्या वर्गातली मुले या ठिकाणी टाळ्या वाजवून उठली. शास्त्र सांगते की या प्राण्याला तीन हृदये असतात आणि त्याच्या मज्जापेशींपैकी बहुतेक त्याच्या हातांतच असतात. म्हणजे त्याचा हात हा एका अर्थी स्वतःच विचार करतो. मी मॅट्रिक झालेला मास्तर, शास्त्र माझा प्रांत नव्हे. पण ही माहिती पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो हात खडकाची फट चाचपताना पाहणे वेगळे.

हा गाळ आणायला त्याला काय पडले? रोज त्याच जागी जाणे, एवढेच. पाण्याखाली उतरणाऱ्यांची आजवरची रीत याहून निराळी होती. जूल व्हर्नच्या १८७० च्या कादंबरीत कॅप्टन नेमो आपल्या पाहुण्यांना समुद्राखालच्या रानात नेतो, भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या ओळखीचा झाला आहे, तेव्हा कित्येकांना ही सफर आठवत असेल. पण नेमो तिथे नेतो तो शिकारीला, आणि एका समुद्री पाणमांजराचा बळी घेऊन ही मंडळी परततात. पुढे जाक कुस्तो याने एमिल गान्यान या अभियंत्याबरोबर १९४३ साली पाण्यात श्वास घेण्याचे सुटसुटीत उपकरण सिद्ध केले, आणि व्हर्नने कल्पिलेली सफर खरी झाली. कुस्तोच्या १९५६ सालच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो आज पाहवत नाही. मासे मोजण्यासाठी हे लोक पोवळ्यांच्या खडकात सुरुंग लावतात, आणि एका दृश्यात संतापाच्या भरात मोऱ्यांची कत्तल करतात. त्या मानाने फॉस्टरची रिकामी ओंजळ फार पुढची आहे. मोरी आपल्या या सखीवर तुटून पडते तेव्हाही तो मध्ये पडत नाही. त्याला ते जड जाते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

आता दोषाकडे वळतो. दोष शीर्षकातच आहे. ती त्याची 'टीचर' आहे, गुरू आहे. मुलगी म्हणा, शेजारीण म्हणा, माझी हरकत नव्हती. पण गुरू म्हटले की शिष्य मोठा होऊ लागतो. चित्रपट जसजसा पुढे सरकतो तसतसा फॉस्टर खुर्चीत बसून आपल्याला काय मिळाले ते सांगू लागतो. आपण कसे सावरलो, मुलाच्या जवळ कसे गेलो, नाजूकपणा म्हणजे काय हे कसे उमगले. पाण्यात जिथे नुसते पाहायला हवे तिथे त्याचे बोलणे कानावर येत राहते. ती अंडी घालून, क्षीण होऊन मरते, मासे तिचे लचके तोडतात आणि अखेर एक मोरी तिला उचलून नेते. या दृश्याला एका शब्दाचीही गरज नव्हती.

मराठी वाचकाला ही गुरूची कल्पना नवी नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, आणि १५७३ साली काशीत पुरे झालेल्या एकनाथांच्या टीकेमुळे ते आपल्या घराघरांत पोचले. त्या चोविसांत समुद्र आहे आणि मासाही आहे. समुद्र पावसाळ्यात उतू जात नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही, म्हणून तो गुरू. मासा जिभेपायी गळाला लागतो, म्हणून तोही. अवधूताचे एक बरे होते. त्याला मासा पाहायचाच नव्हता. त्याला वैराग्य सांगायचे होते आणि तो ते उघड सांगत होता. फॉस्टरला मासाही पाहायचा आहे आणि बोधही हवा आहे. बोध हाती लागला की त्याचे पाहणे सैल होते, आणि प्रेक्षकाचेही.

पण त्याला नावे ठेवताना आपले घर कोणते सारवलेले आहे? आपला समुद्र हा अवधूताच्याही पुढे गेलेला आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर ज्या सागराला साकडे घातले तो मातृभूमीकडे नेणारा, न नेणारा सागर. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाचा समुद्र हा आव्हान स्वीकारणारा प्रतिस्पर्धी. दोन्ही कविता थोर आहेत, आणि दोन्हींत समुद्र माणसाच्या बोलण्यासाठी उभा आहे. बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये जहाज आहे, समुद्र कठड्यापलीकडे. खानोलकरांचा 'कोंडुरा' तर समुद्राच्या एका घोंघावत्या विवराचेच नाव घेऊन उभा राहतो. पण त्या विवरातून दैव वर येते, साधा खेकडा वर येत नाही. अलीकडच्या मिलिंद बोकिलांच्या 'समुद्र'मध्ये नवराबायको किनाऱ्यावर एकमेकांचा तळ शोधतात. अनंत सामंतांच्या 'एम. टी. आयवा मारू'ने निदान जहाजातले दोरखंड आणि यंत्रे यांना हात लावला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. परंतु पृष्ठभागाखाली, माझ्या वाचनापुरते तरी, कोणी गेलेले नाही.

मराठी लेखकाला हे जमणारच नाही, असे म्हणण्याची सोय मात्र माडगूळकरांनी ठेवलेली नाही. त्यांच्या 'सत्तांतर' या कादंबरीला १९८३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. वानरांच्या एका टोळीवर बाहेरचा नर चाल करून येतो, जुना हुसकला जातो, नवा राजा होतो, आणि मागच्याची पिले मारली जातात. एवढेच. कुठेही माडगूळकर डोके वर काढून आपल्याला काय शिकायला मिळाले ते सांगत नाहीत. वाचक मात्र सुन्न होतो. मारुती चितमपल्लींनी झाडापाखरांची रानातली नावे गोळा करून मराठीत आणली, तो उद्योग निराळा, पण मुळाशी तोच आहे: आधी नाव, मग रोजचा शेजार. जंगलाला असे दोन माणूस मिळाले. समुद्राच्या रानाला एकही नाही.

समुद्राचे असे रान आपल्याकडे कुठे, असे कोणी विचारील. केल्प आपल्या किनाऱ्याला होत नाही, पाणी त्याला फार ऊन पडते. पण मालवणच्या खडकांवर पावसाळा सरला की सरगॅसम नावाचे त्याच्याच तपकिरी वंशातले शैवाल माजते. त्याला हवेचे फुगे असतात, आणि त्यांच्या जोरावर तेही पाण्यात डुलत उभे राहते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा हा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाने पाण्यात उतरण्याचे शिक्षण देणारी संस्था काढली, आणि आता ऑक्टोबर ते मे या दिवसांत तिथे हौशी मंडळींची रीघ असते. शाळेच्या सहलीबरोबर गेलो असता मीही एकदा उतरलो. वीस-पंचवीस फूट पाणी. कानात दडा बसतो, नाक चिमटून फुंकावे तेव्हा तो सुटतो. माझ्या टाकीला धरून एक तरुण मागे होता. त्याने खिशातून पावाचा तुकडा काढून मासे गोळा केले, माझे चित्रण केले, आणि दहा मिनिटांत आम्ही वर आलो. त्या चित्रणात मी आहे, माझा अंगठा आहे, पावाभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे आहेत. खडक आणि शैवाल जवळजवळ नाहीच. जगातल्या बहुतेक पर्यटकांचे असेच होते, तेव्हा त्या बिचाऱ्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला जे हवे ते तो देतो.

वर आल्यावर होडीत तो आपल्या जोडीदाराशी मालवणीत बोलत होता. अमुक खडकाखालचा हेकरू आज दिसला नाही, माकूल फटीतून बाहेर आले होते, शेवंड कात टाकून बसली आहे, असे काहीसे. हे सगळे आम्ही ज्या जागी नुकतेच खाली होतो तिथलेच होते, आणि त्यातले मला काहीही दिसले नव्हते. त्याला तो एकच खडक आठ महिने, दिवसातून दहा वेळा भेटतो. फॉस्टरला वर्षभराने जी ओळख पटली तिच्याहून ही थोडी जुनीच असेल. त्याला मी विचारले, हे कुठे लिहून ठेवतोस का? तो म्हणाला, "गुरुजी, लिवचा कोणासाठी? ह्यां सगळ्यांका म्हायत असा." सगळ्यांना म्हणजे त्याच्या वाडीतल्या पाचपन्नास घरांना.