दुर्मीळ गाडी आणि आटलेली बोअर

'पेट'ची तयारी करताना सॅम्पलिंग बायसची व्याख्या तुम्ही पाठ केलीच असेल. आज ती एका जुन्या गाडीवरून समजून घेऊ. आणि जुन्या गाड्यांवर लिहिणाऱ्यांच्या एका लाडक्या शब्दाची झडतीही घेऊ. तो शब्द म्हणजे 'दुर्मीळ'.

गाडी आहे अमेरिकेची ड्यूझेनबर्ग मॉडेल जे. १९२८ च्या शेवटी ती न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली आणि १९३७ मध्ये कंपनी बंद पडली. तेवढ्या काळात सुमारे ४८० गाड्या बनल्या. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचं इंजिन, आणि कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा. नुसत्या चेसिसचीच किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर होती. बॉडी वेगळ्या कारखान्यात बांधली जायची. आपल्याकडे ट्रकची चेसिस आणून वर बॉडी बांधतात ना, अगदी तसंच.

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीही ड्यूझेनबर्ग घेतली होती. होळकर म्हटलं की आपल्याला अहिल्यादेवींचं चौंडी आठवतं, बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं. यशवंतरावांच्या गाडीची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. दोन सीटची, उघडी, वेगवान. ड्यूझेनबर्गच्या लेखांत फोटो येतात ते बहुतेक अशाच उघड्या गाड्यांचे. ते बघून आपला समज काय होतो? श्रीमंत लोक ही गाडी हौसेने स्वतःच पळवत असतील.

पण याच चेसिसवर बंद सेडान आणि लिमोझिनही बांधल्या गेल्या. पुढे ड्रायव्हर, मागे मालक आणि मधे काच. रोलस्टन, विलोबी, जडकिन्स हे कारखाने असल्या भारदस्त बॉड्यांसाठी नावाजलेले होते. मग त्यातल्या कित्येक गेल्या कुठे?

काही भंगारात गेल्या. पण काहींचं वेगळंच झालं. पुढे संग्राहकांना उघड्या गाड्या आवडू लागल्या आणि त्यांना भावही जास्त मिळू लागला. बॉडी चेसिसवर बोल्टने बसवलेली असल्यामुळे बंद बॉडी उतरवून उघडी चढवणं शक्य होतं. लोकांनी ते केलंही. चेसिस वाचली, इंजिन वाचलं, सेडान मात्र संपली.

माझा आक्षेप इथेच आहे. 'ही सेडान दुर्मीळ आहे' असं लिहिताना लेखक दोन गोष्टी एकत्र करतात: मुळात कमी बनली, आणि बनली पण टिकू दिली नाही. पहिली उत्पादनाची माहिती आहे, दुसरी नंतरच्या आवडीनिवडीची. आज शिल्लक असलेल्या गाड्या मोजून १९३० च्या दशकातल्या गिऱ्हाइकाची आवड सांगता येत नाही.

एका बाबतीत मात्र या मंडळींना मानलं पाहिजे. ते प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि बॉडी वेगवेगळी तपासतात. कोणता भाग मूळचा, कोणता नंतर बसवलेला, याची नोंद ठेवतात. आपल्या किती थिसिसमध्ये सॅम्पलची एवढी कुंडली असते?

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. पहिल्या वर्षी मे महिन्यात बोअरच्या पाण्याचे नमुने घेत गावोगाव फिरलो. पाणी लागेल तिथून बाटली भरली, टेस्ट केल्या आणि ऐटीत लिहिलं, 'तालुक्यातील भूजलाची गुणवत्ता'. सरांनी एकच प्रश्न विचारला, "आटलेल्या बोअरचं काय?" मे महिन्यात पाणी टिकवून असलेल्या बोअर म्हणजे माझ्या उघड्या गाड्या होत्या. उरलेल्यांची मी नोंदसुद्धा ठेवली नव्हती. शेवटी शीर्षक बदललं आणि पावसाळ्यानंतर सगळी फेरी पुन्हा केली.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर 'माझ्या हाती न आलेले नमुने' असं लिहा आणि प्रत्येकापुढे तो का आला नाही, त्याचं कारण टाका. कारण सापडत नसेल, तर निष्कर्षातला 'सर्व' हा शब्द आत्ताच खोडा. व्हायवाला कोणी तरी तो खोडणारच आहे.