हसू आणि आसू एकाच पावसात



परवा शब्बाथ सुटल्यावर न्यू जर्सीतल्या घरी नातीबरोबर 'बूट पॉलिश' (1954) पुन्हा पाहिला. आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून देणारा हाच चित्रपट.

विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निर्माण होतो, हे भरतमुनींचे सूत्र मी वर्गात अनेकदा शिकवले. इथे ते डोळ्यांनी दिसते. तुरुंगात जॉनचाचा टकल्या कैद्यांसह ढगांना आळवतो आणि आपण पोट धरून हसतो. पुढे पाऊस लागतो, पॉलिशचा धंदा बसतो, भोला-बेलू उपाशी राहतात. ज्या पावसाने हास्य दिले, तोच करुणाचा विभाव होतो.

शेवट मात्र योगायोगाने गोड केला आहे. असंभाव्य गोष्ट रसात विघ्न आणते, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. तसेच येथे होते.

त्याने आणखी एक विघ्न सांगितले: प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतणे. ते माझे होते. "हा आपला माणूस बरं का!" असे मी सारखी सांगत राहिले. नातीला ना हिंदी येत, ना डेव्हिड ठाऊक. पण भीक उचलली म्हणून भोलाने बेलूला थप्पड मारली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. खरी सहृदय प्रेक्षक तीच.

हनुक्काला नातवंडे जमली की हा चित्रपट जरूर लावा. डेव्हिड आपले होते, हे मात्र संपल्यावर सांगा.