समोरच्याला वगळून रचलेली राने

गेल्या चार-पाच वर्षांत आलेला भूप्रदेश रचण्याचा कुठलाही खेळ उघडा. चित्रे डोळे निववणारी, पुठ्ठा जाड, नियम दहा मिनिटांत कळणारे. मग दोघे जण समोरासमोर बसून एकेकटे खेळू लागतात. एकाने आपली नदी वळवायची, दुसऱ्याने आपले अस्वल बसवायचे आणि शेवटी बेरीज करून कोण जिंकले ते एकमेकांना सांगायचे. 2022 मध्ये जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार ‘कॅस्केडिया’ला मिळाला आणि ही चाल रूढ झाली. 2024 च्या ‘हार्मनीज’चे कौतुक अजून ओसरत नाही, ते पाहून हे लिहिल्यावाचून राहवले नाही. ‘हार्मनीज’ देखणा आहे, हे मान्य. पण समोरची खुर्ची रिकामी ठेवली तरी त्यात फारसे काही बिघडत नाही, आणि दोघांच्या खेळाबद्दल याहून वाईट काही बोलता येत नाही.

ही चाल आता पत्त्यांतही शिरली आहे. ‘फॉरेस्ट शफल’ लांबत जातो आणि समोरच्याचे रान नीट पाहायची वेळ गुण मोजतानाच येते. ‘फारअवे’त एक अस्सल कल्पना आहे: आठ प्रदेश डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि गुण मात्र उजवीकडून डावीकडे मोजायचे, म्हणजे जाताना दिलेली वचने येताना पुरी करायची. तरी त्या वाटेवर दुसरा माणूस क्वचितच आडवा येतो. बाकीच्या बागा, तळी आणि फुलपाखरे यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

लिहावे असे आहे ते डॅन कॅसार यांच्या ‘आर्बोरेटम’बद्दल. 2015 चा हा खेळ नव्यांच्या गर्दीत मागे पडला आहे. दोघांसाठी सहा जातींची झाडे, प्रत्येक जातीचे 1 ते 8 पत्ते, एकूण 48. हातात सात पत्ते. दर पाळीला दोन उचलायचे, एक जमिनीत लावायचा, एक टाकायचा. लावलेल्या झाडांतून चढत्या आकड्यांची अशी वाट काढायची, की तिचे पहिले आणि शेवटचे झाड एकाच जातीचे असेल. इथवर सगळे सौम्य. मग तो नियम येतो, ज्याच्यासाठी मी हा खेळ पुन्हा पुन्हा मांडतो. डाव संपताना ज्याच्या हातात त्या जातीच्या पत्त्यांची बेरीज जास्त उरते, त्या वाटेचे गुण घेण्याचा हक्क त्याचा. म्हणजे जे झाड लावावेसे वाटते तेच हातात राखावे लागते. शिवाय समोरच्याने त्या जातीचा नुसता एक्का धरून ठेवला असेल, तर तुमच्या हातातली अठ्ठी शून्य मोजली जाते.

गुलमोहराची अख्खी रांग तुमच्यापुढे फुललेली असते आणि समोरच्याच्या मुठीतल्या दोन पत्त्यांमुळे तिचा एकही गुण पदरात पडत नाही. (पत्त्यावर ‘रॉयल पॉइन्सियाना’ म्हणतात तो आपला गुलमोहरच. दर 1 मेला गुलमोहर दिन साजरा करणाऱ्या साताऱ्याने तरी हा खेळ घरी आणायला हवा.) तुम्ही टाकलेला पत्ता समोरचा उचलू शकतो, म्हणून टाकतानाही हात अडखळतो. लागवड एकाची आणि हक्क दुसऱ्याचा: जमिनीबद्दल इतके खरे बोलणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मला माहीत नाही.

त्याच्या जवळ पोचतो तो ‘सर्कल द वॅगन्स’. 2017 चा, फक्त दोघांचा, 18 पत्त्यांचा, खिशातल्या पाकिटात मावणारा. तीन पत्ते उलटे करून त्यांवरचे गुणांचे नियम घ्यायचे आणि उरलेले 15 गोल मांडायचे. आपल्या पाळीला पुढचा पत्ता घ्या, किंवा हवा तो मिळेपर्यंत कितीही ओलांडा. मात्र ओलांडलेला प्रत्येक पत्ता तिथल्या तिथे समोरच्याचा होतो. एका चांगल्या कुरणासाठी शेजाऱ्याला तीन डोंगर फुकट देण्याची किंमत इथे लगेच मोजावी लागते. त्याच रचनाकारांचा ‘स्प्रॉलोपोलिस’ जास्त गाजला. त्यात सगळे एकाच बाजूचे. वाद गेला, चवही गेली.

देखणेपणाने खेळ जगतो असे ज्यांना वाटते त्यांनी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाकडे पाहावे. 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, लाखेचे काम, आणि आज ते बहुतेक शोभेसाठी विकत घेतले जातात. चित्रे टिकली, खेळणारे गेले. पण त्या गंजिफाच्या नियमांत जी दृष्टी होती ती आजच्या या देखण्या खेळांत सापडत नाही: डावाची सुरुवात दिवसा रामाच्या रंगाने होई आणि रात्री कृष्णाच्या. बाहेरचे जग थेट नियमात उतरलेले होते. आपल्याकडे मिळणाऱ्या किल्ल्यांच्या पत्त्यांत किल्ला फक्त छापलेला असतो. राजगडाच्या जागी प्रतापगड ठेवा, डावात काहीही फरक पडणार नाही.

दिवसभर दमलेल्या माणसाला संध्याकाळी शांत खेळ हवा असतो, असे सांगितले जाते. तो जरूर खेळावा. पण भूप्रदेश शांत असतो, हे कोणी ठरवले? महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. कोयना धरणात 105 टीएमसी पाणी मावते. ते कधी आणि किती सोडायचे हे वर ठरते, आणि खाली सांगलीकर कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचा पाणीपातळीचा आकडा पाहत रात्र काढतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो 57 फुटांच्या वर गेला होता. त्याच कृष्णेचे पाणी टेंभू योजनेतून आटपाडीला आणि म्हैसाळमधून जतला उपसून न्यावे लागते. येरळेवर तांदुळवाडी-बलवडीच्या शेतकऱ्यांनी बळीराजा धरण उभारले. समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने भूमिहीनांनाही पाण्यात वाटा मागितला. हा सगळा भूप्रदेश रचण्याचाच इतिहास आहे, आणि त्यात प्रत्येक चालीला समोर कोणीतरी आहे. निळा तुकडा हिरव्याला चिकटवून दोन गुण घेणाऱ्या खेळाला यातले काहीच सांगता येत नाही, कारण त्यातली नदी वाहत नाही.

म्हणून सातारा-सांगलीत बसून खेळ रचू पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे: कासची फुले छापलेले आणखी एक कोडे करू नका. 18 पत्ते पुरतील. एक जण कोयनेला बसवा, एक सांगलीला. वरच्याने अडवलेला प्रत्येक पत्ता खालच्याच्या शिवारात दुष्काळ होऊन पडू द्या, आणि न पेलवून सोडलेला पत्ता पूर होऊन. माणकडे पाणी नेणारा पत्ता दोघांनाही हवासा वाटेल आणि दोघांनाही महाग पडेल असा ठेवा. डाव वीस मिनिटांत संपवा. चित्रे साध्या पेनाने काढलेली असली तरी असा खेळ मी विकत घेईन. तोवर ‘आर्बोरेटम’ मांडा, आणि हातातला एक्का टाकू नका.